फोर्टातून बोरीबंदरपर्यंत: एका व्यंगचित्रकाराच्या राजीनाम्याचं प्रकरण

फोर्टातून बोरीबंदरला घोडागाडीने जायला फार तर पंधरा मिनिटं लागत असतील. तेवढ्या वेळात एका पंचविशीतल्या तरुणाने एक नोकरी सोडली आणि दुसरीच्या दारात जाऊन उभा राहिला. वर्ष १९४७ च्या आसपासचं. सोडलेलं दैनिक ‘फ्री प्रेस जर्नल’, धरलेलं ‘टाइम्स ऑफ इंडिया’. तरुणाचं नाव आर. के. लक्ष्मण.

हकीकत त्याने स्वतःच पुढे सांगितलेली आहे आणि ती चार ओळींची आहे. मालकांनी सांगितलं, कम्युनिस्टांची टिंगल करायची नाही. लक्ष्मण उठला, बाहेर आला, व्हिक्टोरिया पकडली आणि टाइम्समध्ये शिरला. तिथे त्याला एक टेबल मिळालं, एक खोली मिळाली आणि हवं ते काढायची मोकळीक मिळाली. पुन्हा पुन्हा सांगून कुठलीही हकीकत गुळगुळीत होते, तशी हीही झाली आहे. मधली घालमेल गेली, घरभाड्याचा हिशेब गेला, ‘नाही जमलं तर?’ हा प्रश्न गेला. उरली ती फक्त ऐटीत निघालेली घोडागाडी.

पत्रकारितेच्या मुलांना मी अधूनमधून शिकवतो. त्याआधी बरीच वर्षं दैनिकात पानं लावली. दर वर्षी वर्गात एखादं चित्र काढणारं पोर असतंच आणि त्याचा प्रश्नही ठरलेला असतो: ‘सर, मालक नाही म्हणाले तर काय करायचं?’ म्हणून हे प्रकरण मी घोडागाडीपाशी थांबू देत नाही, थोडं उसवून बघतो. आणखी एक. पुढे ज्यांना सगळा देश आर. के. म्हणू लागला, त्यांचा उल्लेख मी इथे एकेरीच करणार आहे. या प्रकरणातला माणूस पद्मविभूषण नाही. पंचवीस वर्षांचा, नोकरी सोडलेला एक पोरगा आहे.

कोण हा पोरगा

जन्म म्हैसूरचा, २४ ऑक्टोबर १९२१. वडील हेडमास्तर, भावंडांत हा धाकटा. थोरला भाऊ आर. के. नारायण आधीच लेखक म्हणून नाव काढत होता. लक्ष्मण लहानपणी घरातल्या जमिनीवर, भिंतींवर, दारांवर खडूने चित्रं काढायचा. शाळेत काढलेल्या पिंपळपानाचं एका मास्तरांनी कौतुक केलं आणि आपण चित्रकार आहोत असं त्याच्या मनाने घेतलं ते कायमचं. घरी ‘हिंदू’ यायचा, त्यात ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो याची चित्रं असत. लोची सही हा बरेच दिवस ‘काऊ’ अशी वाचत होता. म्हणजे गुरूचं नाव कळायच्या आधी त्याची रेषा शिष्याच्या हातात उतरली होती.

मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे अर्ज गेला. सोबत पाठवलेली चित्रं बघून कळवण्यात आलं की आमच्या संस्थेत प्रवेश मिळण्याइतकी गुणवत्ता यात दिसत नाही. हा किस्सा नेहमी जे.जे.ची फजिती म्हणून सांगितला जातो आणि वर्गात हमखास हशा मिळवतो. मला त्यात दुसरं काही दिसतं. मुंबईत चित्रावर पोट भरायचं तर जाहिरात कंपन्या, कॅलेंडरवाले, प्रकाशक, सिनेमाची पोस्टरं असे रस्ते होते, आणि त्यांतल्या बऱ्याच रस्त्यांवर जे.जे.चा शिक्का आणि तिथले दोस्त कामाला येत. आपले शि. द. फडणीस तिथलेच, सय्यद हैदर रझाही तिथलेच. लक्ष्मणला ती दारं आपसूक उघडणार नव्हती. त्याच्याकडे म्हैसूर विद्यापीठाची बी. ए.ची पदवी होती, भावाच्या ‘हिंदू’तल्या कथांसाठी काढलेली चित्रं होती, ‘कोरवंजी’ या कन्नड विनोदी मासिकातलं काम होतं, ‘स्वराज्य’ आणि ‘ब्लिट्झ’मध्ये छापून आलेली व्यंगचित्रं होती. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत एका सुट्टीत केलेली चाकरीही होती. एवढ्या शिदोरीवर नोकरी देईल असं एकच ठिकाण असतं, ते म्हणजे वर्तमानपत्र.

फ्री प्रेसचं टेबल

‘फ्री प्रेस जर्नल’ हे स्वामिनाथन सदानंद यांचं अपत्य. हा तमिळ माणूस मुंबईत आला, आधी रॉयटरच्या मक्तेदारीला टक्कर देणारी देशी वृत्तसंस्था काढली आणि १९३० मध्ये दैनिक सुरू केलं. वृत्ती कडवी राष्ट्रवादी. ब्रिटिश सरकारने जामिनाच्या रकमा जप्त केल्या तरी पेपर वाकला नाही. पगाराची ओढाताण असे, पण होतकरू पोरांना संधी देण्यात सदानंदांचा हात सढळ होता. ज्यांना आपण भारतीय राजकीय व्यंगचित्रांचे पितामह म्हणतो, त्या केशव शंकर पिल्लई, म्हणजे ‘शंकर’, यांची चित्रंही १९३२ मध्ये दिल्लीच्या ‘हिंदुस्तान टाइम्स’ला जाण्यापूर्वी इथे छापून आली होती. आणि लक्ष्मणच्या आगेमागे तिथे आणखी एक तरुण ब्रश घेऊन बसत होता. त्याच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, दादरचा, प्रबोधनकारांचा मुलगा. बाळ ठाकरे. त्याचंही दैवत डेव्हिड लोच.

म्हणजे एकाच पेपराशी शंकर, लक्ष्मण आणि ठाकरे अशा तिघांचा संबंध आला. तिघांनीही पुढे एकेक नोकरी सोडली आणि तिघांचे रस्ते तीन दिशांना गेले. त्यांच्याकडे नंतर येतो.

आधी हे काम कसं चाले ते सांगायला हवं, कारण आजच्या मुलांना त्याची कल्पना नसते. चित्र काढलं, फोटो मारला, पाठवला, असं नव्हतं. जाड पांढऱ्या कागदावर पेन्सिलीने आराखडा काढायचा, त्यावर काळ्या शाईत ब्रश फिरवायचा, शाई वाळली की पेन्सिल खोडायची. मग चित्र ब्लॉकवाल्यांकडे. तिथे त्याचं निगेटिव्ह निघे, ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवलं जाई आणि पत्रा आम्लात बुडवला की रेषा सोडून बाकीचं जस्त खाल्लं जाई. उरलेल्या उंच रेषांचा तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, उंचीला आणायचा आणि पानात बसवायचा. या पद्धतीत राखाडी रंगाला जागा नाही. एक तर काळं, नाही तर कोरं. बारीक, थरथरती रेषा आम्लात विरून जायची किंवा छपाईत तुटायची. लक्ष्मणची ठसठशीत, जाड-बारीक होत जाणारी ब्रशची रेषा आपण शैली म्हणून वाखाणतो, आणि ती शैली आहेच. पण छपाईच्या ठोकळ्याला टिकेल अशीही ती रेषा होती. असो.

यातून वेळेचं एक गणित तयार होतं. ब्लॉक व्हायला वेळ लागतो, म्हणून चित्र दुपारनंतर लवकर हातावेगळं करावं लागतं. अग्रलेखात रात्री नऊ वाजता एखादं वाक्य बदलता येतं. चित्रात रात्री नऊ वाजता माणूस बदलता येत नाही. त्यामुळे व्यंगचित्राची वाटाघाट बहुतेक वेळा ते काढण्याआधी होते, आणि ती तोंडी होते. तिचा कागद कुठेच राहत नाही.

‘हे काढू नकोस’

आता तो हुकूम. कम्युनिस्टांची थट्टा नको.

१९४६-४७ च्या मुंबईत याचा अर्थ काय होत होता? फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांनी बंड केलं, त्यांच्या पाठिंब्याला गिरण्या बंद पडल्या, रस्त्यावर गोळीबार झाला आणि त्या हरताळाची हाक देण्यात कम्युनिस्ट पुढे होते. गिरणगावात लाल बावट्याचा दरारा होता, कम्युनिस्ट कामगार पुढारी डांग्यांचं नाव चाळीचाळीत होतं. पक्षाचं देशपातळीवरचं मुख्यालयच मुंबईत होतं. पक्षाच्या मुखपत्रासाठी चित्तप्रसादसारखा तालेवार चित्रकार काम करत होता. युद्धाच्या काळात, १९४२ नंतर, याच पक्षाने ‘लोकयुद्ध’ म्हणत ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नांना साथ दिली होती आणि त्यावरून काँग्रेसवाल्यांचा रोषही ओढवून घेतला होता. एवढ्या विसंगती एका पक्षात असताना व्यंगचित्रकाराने तिकडे बघायचं नाही, हे म्हणजे चिंच न घालता भेळ करायला सांगण्यासारखं झालं.

सदानंदांच्या मनात काय होतं याचा तर्क मी करणार नाही. या प्रकरणापुरता हुकमाचा प्रकार महत्त्वाचा आहे. मालकाने ‘हे काढ’ असं सांगितलेलं नाही. ‘हे काढू नकोस’ असं सांगितलं आहे. वर्गात मी विचारतो, यातलं जास्त वाईट कोणतं? मुलं बहुतेक ‘हे काढ’ म्हणतात. सक्ती दिसते ना ती. माझं मत उलटं आहे. ‘हे काढ’ म्हणून काढलेलं चित्र निदान छापून येतं, वाचक ते बघतो, नाक मुरडतो. ‘काढू नकोस’चा पुरावा पानावर कुठेच नसतो. वाचकाला वाटतं, आज त्या माणसाला हेच सुचलं.

माझ्या समोर घडलेलं सांगतो. मी एका दैनिकात पान लावायचो, तेव्हा आमच्या व्यंगचित्रकाराने शहरातल्या एका बिल्डरवर चित्र काढलं. बिल्डरची पानभर जाहिरात दर रविवारी येत असे. चित्र परत आलं. तो बिचारा विचारायला गेला, मग काय काढू? उत्तर आलं, ‘पाऊस काढ ना, पाऊस लागलाय बाहेर.’ त्या वर्षी आमच्या पेपरात छत्र्यांची चित्रं फार आली. वाचकांची पत्रंही आली, चित्रं छान असतात म्हणून. तो पुढे अकरा वर्षं तिथेच होता. त्याला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. त्याच्या घरापासून व्हिक्टोरियाच्या अंतरावर दुसरा पेपर नव्हता.

त्याच्यापुढे काय काय होतं

लक्ष्मणला एक तर मान तुकवता आली असती. काँग्रेस होती, लीग होती, संस्थानिक होते, निघता निघता फाळणी करून जाणारे गोरे होते. विषयांची काय कमतरता? वर्षभर कम्युनिस्ट न काढताही रोजचा रकाना भरला असता. दुसरा रस्ता चोरटेपणाचा. थेट काढायचं नाही, पण कोपऱ्यात विळा-हातोड्यासारखी दिसणारी खुंटी ठेवायची. हुशार व्यंगचित्रकार हे करतात आणि स्वतःवर खूश होतात, पण वाचकापर्यंत त्यातलं फारसं पोचत नाही.

तिसरा रस्ता नुकताच शंकरने निवडला होता. १९४६ मध्ये संपादक देवदास गांधींशी बिनसलं म्हणून त्याने ‘हिंदुस्तान टाइम्स’ सोडला आणि १९४८ मध्ये ‘शंकर्स वीकली’ हे स्वतःचं साप्ताहिक काढलं. पण शंकर तेव्हा पंचेचाळिशीला आलेला, दिल्लीच्या वर्तुळात मुरलेला माणूस होता. साप्ताहिकाच्या प्रकाशनाला खुद्द नेहरू आले आणि ‘मलाही सोडू नकोस’ असं म्हणाले. पंचवीस वर्षांच्या म्हैसूरकराच्या साप्ताहिकाला कोण येणार होतं? भांडवल कुठून येणार होतं? छापखान्याची उधारी कोणाच्या नावावर मिळणार होती? लक्ष्मणला महिन्याच्या महिन्याला पगार देणारंच टेबल हवं होतं. त्याच्या धाडसाचा हा भाग हकिकतीत कुणी सांगत नाही: तो नोकरीतून थेट दुसऱ्या नोकरीकडे गेला. नोकरी हवीच, हे त्याने मान्य केलं होतं. कुठली, ते मात्र स्वतः ठरवलं.

आणि मग येतो या प्रकरणातला सगळ्यात गमतीचा भाग. जो पेपर स्वातंत्र्यासाठी जामीनकी गमावत होता, त्याने व्यंगचित्रकाराचा हात धरला. आणि ज्या पेपराला लोक ‘बोरीबंदरची म्हातारी’ म्हणून हिणवत, जो १८३८ पासून साहेबाचा म्हणून ओळखला गेला, त्याने हात मोकळा सोडला. हे असं उलटं का व्हावं?

माझी समजूत अशी. चळवळीतल्या पेपराला व्यंगचित्र हे हत्यार वाटतं, आणि हत्यार आपल्या बाजूच्या माणसावर चालवायचं नसतं. मालकाचा जीव त्या पेपरात असतो, म्हणून त्याचा रागलोभही पेपरात उतरतो. टाइम्सचं तसं नव्हतं. १९४६ मध्येच टाइम्सची मालक असलेली बेनेट कोलमन कंपनी इंग्रजांकडून उद्योगपती रामकृष्ण दालमियांकडे आली होती. साहेब निघाले होते, वाचक तेच होते आणि त्यांना आता देशी चेहरा दाखवायचा होता. अशा वेळी कम्युनिस्टांची टिंगल करणारा एक तल्लख भारतीय तरुण दारात आला तर कुणाला नको असेल? मोकळीक तत्त्वाने मिळाली की सोयीने, याच्या फार खोलात जाऊ नये. बऱ्याचदा ती सोयीनेच मिळते. मिळाल्यावर तिचं काय करतो, तो वेगळा प्रश्न.

त्या घरात आणखी एक माणूस होता. टाइम्सचा कलाविभाग वॉल्टर लँगहॅमर या ऑस्ट्रियन चित्रकाराच्या हाती होता. पत्नी ज्यू, म्हणून १९३८ च्या सुमारास हिटलरच्या तावडीतून सुटून तो मुंबईत आला होता. रझा, आरा यांच्यासारख्या धडपडणाऱ्या पोरांना त्याच्या घराचं दार उघडं असे. राजकारणाने एका माणसाला देशोधडीला लावलं, आणि तोच माणूस इथे मुंबईत चित्रकारांना हात देत होता. जे.जे.चा शिक्का आहे का, हे विचारणाऱ्यांपैकी तो नसावा.

खोली मिळाल्यावर

पहिल्या दिवसापासून पहिलं पान मिळालं असं मात्र नाही. ‘यू सेड इट’ हा पहिल्या पानावरचा रोजचा छोटा चौकोन सुरू व्हायला १९५१ उजाडलं. तोवर लक्ष्मण मोठी राजकीय चित्रं काढत होता आणि त्यात त्याला एक अडचण छळत होती. पुढारी काढणं सोपं, जनता कशी काढायची? त्याने गर्दी काढायला सुरुवात केली. बंगाली धोतर, पंजाबी पगडी, मद्रासी गंध, मराठी टोपी, सगळा देश एका कोपऱ्यात. रोज एवढी माणसं रंगवायची आणि दुपारी ब्लॉकवाला दारात उभा. मग वेळ वाचवायला एकेक माणूस गळू लागला. आज पंजाबी गेला, उद्या बंगाली. शेवटी एकच उरला: टक्कल, त्याच्या कडेला उडणारे दोन-चार केस, चष्मा, मिशी, चौकड्यांचा कोट आणि धोतर.

देशाच्या सामान्य माणसाचा जन्म हा असा घाईतून झाला. मला हे फार आवडतं. कुणी बैठक घेऊन ‘भारतीय नागरिकाचं प्रतीक काय असावं’ असं ठरवलं असतं तर हातात नांगर आणि खांद्यावर हातोडा घेतलेला कुणीतरी आला असता.

सकाळी साडेआठच्या सुमारास कचेरीत यायचं, सगळे पेपर चाळायचे, मग तासन्‌तास नुसतं बसायचं आणि दुपारी कधीतरी कल्पना हाताला लागली की ब्रश उचलायचा, असा त्याचा रिवाज. हे ‘नुसतं बसणं’ म्हणजेच त्या खोलीची खरी किंमत. पगार देऊन माणसाला चार तास रिकामं बसू देणारा मालक दुर्मीळ. १९६२ च्या चीन युद्धानंतर त्याने नेहरूंवर काढलेलं चित्र बघून नेहरूंनीच फोन केला आणि चित्राची मोठी, सही केलेली प्रत मागितली, हा किस्सा प्रसिद्ध आहे. पण दिवस नेहमी असे नव्हते. १९७५ ला आणीबाणी आली, सेन्सॉर आला, आणि बंद दाराच्या खोलीलाही त्याची झळ लागली. शंकरने तर त्याच वर्षी ‘शंकर्स वीकली’ बंदच केलं.

इथे लक्ष्मणच्या भक्तांना न आवडणारं एक बोलून घेतो. ती गर्दी गळत गळत एक माणूस उरला, तेव्हा गळालेल्यांत कोण कोण होतं? बाई गेली. ती पुढे बायको म्हणून आली, बोलतेही तीच, पण प्रतीक झाली नाही. गिरणी कामगार गेला, दलित गेला, शेतकरी गेला. उरलेला गृहस्थ स्वच्छ धोतराचा, मध्यमवर्गीय, मुका. तो सगळं बघतो आणि काही करत नाही. टाइम्सच्या वाचकाला त्यात स्वतःचा चेहरा दिसला यात नवल नाही. टेबल बदललं की रेषा बदलते, ती अशीही. फ्री प्रेसच्या मालकाने एक विषय बंद केला होता. टाइम्सने काहीच बंद केलं नाही, पण तिथला वाचक ठरलेला होता.

उरलेला दुसरा

लक्ष्मण गेल्यावरही बाळ ठाकरे बरीच वर्षं फ्री प्रेसमध्ये राहिले. मग तेही उठले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १३ ऑगस्टला दादरच्या बालमोहनमध्ये मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते ‘मार्मिक’ निघालं. नाव प्रबोधनकारांनी सुचवलेलं, साथीला भाऊ श्रीकांत. इंग्रजी पेपरात न मावणारा मराठी माणसाचा सवाल आता स्वतःच्या पानावर आला. व्यंगचित्रांच्या शेजारी ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरात कंपन्यांतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जाऊ लागल्या. मथळा पुढे ‘वाचा आणि उठा’ झाला. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली.

शंकरसारखाच हाही स्वतःच्या साप्ताहिकाचा रस्ता. पण शंकर संपादकच राहिला, ठाकरे सेनापती झाले. चित्रकार म्हणून ठाकरेंचा हात कुणापेक्षा कमी नव्हता. चेहरा पकडण्यात तर काही वेळा ते लक्ष्मणपेक्षा सरस वाटतात, हे मी कुणाशीही पैजेवर बोलायला तयार आहे. पण १९६६ नंतरच्या त्यांच्या चित्रात उत्तर आधी ठरलेलं असतं आणि चित्र त्या उत्तराकडे बोट दाखवतं. ज्याच्या हाती मालकी, त्याला ‘हे काढू नकोस’ म्हणणारं कुणी उरत नाही. पक्ष मात्र उरतो.

आणि हेही विसरू नये की साठच्या दशकात ज्या मुंबईत ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ घुमत होतं, तिथेच म्हैसूरचा लक्ष्मण रोज पहिल्या पानावर होता. त्या दोघांना पहिलं टेबल देणारे सदानंदही तमिळच. तरी ठाकरे आणि लक्ष्मण यांची दोस्ती अखेरपर्यंत टिकली. लक्ष्मण आजारी असताना ठाकरे त्यांना भेटायला पुण्यात आले होते. दोन म्हातारे काय बोलले असतील?

आणखी एक पंचविशीतला

हे प्रकरण आता वर्गात पूर्वीसारखं लागू पडत नाही, कारण टेबलंच राहिली नाहीत. पगारी व्यंगचित्रकार ठेवणारी मराठी दैनिकं बोटांवर मोजावी लागतात. मुलं मोबाईलवर चित्र टाकतात आणि म्हणतात, आम्हाला मालकच नाही. तेव्हा मी त्यांना असीम त्रिवेदीचं प्रकरण सांगतो. तोही पंचवीस वर्षांचा, शहरही मुंबईच. डिसेंबर २०११ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात अण्णा हजारेंचं उपोषण झालं, तेव्हा त्याची भ्रष्टाचारविरोधी चित्रं तिथे लागली. सप्टेंबर २०१२ मध्ये त्याला राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. त्याने जामीन मागायलाच नकार दिला. शेवटी एका वकिलाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने पाच हजारांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला आणि तो आर्थर रोडमधून बाहेर आला. पुढे सरकारने राजद्रोहाचं कलम मागे घेतलं.

१७ मार्च २०१५ च्या निकालात न्यायालयाने एक मजेदार गोष्ट नोंदवली. या चित्रांत विनोद नाही, उपरोध नाही, आहे तो नुसता संताप, पण म्हणून अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य काढून घेता येत नाही. न्यायमूर्तींनी समीक्षकाचं कामही उरकून टाकलं. समीक्षेशी मी सहमत आहे, ती चित्रं मलाही फार ग्रेट वाटत नाहीत. पण एखाद्या पेपरात तो टेबलावर असता तर? कदाचित कुणा जुन्या खोडाने म्हटलं असतं, ‘अरे, हे जरा तिरकं कर, थेट नको.’ चित्र सुधारलं असतं, आणि पोलिस आलेच असते तर आधी संपादकाच्या केबिनमध्ये आले असते. किंवा त्याला सांगितलं असतं, पाऊस काढ.

गेल्या वर्षी हे सगळं सांगून झाल्यावर मी वर्गाला एक काम दिलं. उद्या सकाळी तुम्हाला ‘हे काढू नकोस’ असं सांगितलं, तर दुपारपर्यंत जिथे जाऊन उभं राहता येईल अशा तीन जागा लिहा. बहुतेकांनी एकच लिहिली. दोघींनी इन्स्टाग्राम लिहिलं, तिथे पगार कोण देतो ते लिहिलं नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलाने, जो खरंच चांगला काढतो, वडिलांच्या झेरॉक्सच्या दुकानाचा पत्ता लिहिला आणि खाली कंसात: ‘छपाई फुकट.’ त्याला मी पैकीच्या पैकी दिले.